महिला व्यावसायिक गोल्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः तीन गटांकडून येतात: गोल्फ खेळणाऱ्या मुलींचे पालक, हौशी स्पर्धा खेळणाऱ्या मुली, आणि टोकियो ऑलिंपिकनंतर गोल्फ बघायला लागलेले प्रेक्षक. उत्तरांत तीन टूरची (वर्षभर चालणाऱ्या स्पर्धांच्या मालिकांची) नावं सारखी येतील. एलपीजीए ही अमेरिकेतली, एलईटी ही युरोपातली आणि हिरो विमेन्स प्रो गोल्फ टूर, म्हणजे डब्ल्यूपीजीटी, ही आपली देशातली. कार्डांची (टूरवर खेळण्याच्या परवान्यांची) संख्या, शुल्क, तारखा असे तपशील टूर दरवर्षी बदलतात. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचायलाच हवं.

१. गोल्फमध्ये 'प्रो' होणं म्हणजे नेमकं काय? परीक्षा असते का?

प्रो होण्यासाठी परीक्षा नसते. प्रो म्हणून स्पर्धेत नाव नोंदवलं, मर्यादेबाहेरचं बक्षीस घेतलं किंवा पैसे घेऊन शिकवायला लागलं की हौशी दर्जा जातो (शिकवण्याला काही अपवाद आहेत). परीक्षा असते ती टूरच्या कार्डासाठी. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. प्रो झालेल्या प्रत्येकीकडे कार्ड असतंच असं नाही, आणि कार्ड नसलं तर नुसतं प्रो होऊन खेळायला फारशा स्पर्धा उरत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवावा: हौशी म्हणूनच क्यू-स्कूलला (कार्डासाठीच्या पात्रता स्पर्धेला, प्रश्न ६) उतरायचं, तिथलं बक्षीस घ्यायचं नाही, आणि कार्ड हाती आल्यावर दर्जा सोडायचा. भारताच्या अदिती अशोकने हेच केलं (प्रश्न ५).

२. क्लबच्या स्पर्धेत मुलीला रोख बक्षीस मिळालं. हौशी दर्जा गेला का?

बहुधा नाही. २०२२ पासूनच्या नियमांनुसार हौशी खेळाडूला ७०० पौंड किंवा १,००० डॉलरपर्यंतचं बक्षीस घेता येतं. मात्र रोख रक्कम फक्त हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) न वापरता खेळलेल्या, म्हणजे स्क्रॅच स्पर्धेत चालते. हँडिकॅप लावून खेळलेल्या स्पर्धेत तेवढ्याच किमतीपर्यंतची वस्तू घ्यावी, रोख घेऊ नये. पुरस्कर्ता घेणं, जाहिरातीत नाव किंवा फोटो येणं, कंपनीकडून क्लब (गोल्फच्या काठ्या) मिळणं याला आता आडकाठी नाही. पण अमेरिकेतल्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर जायचं असेल तर तिथले पात्रतेचे नियम वेगळे आहेत. ते तपासल्याशिवाय कोणताही करार करू नये.

३. मुलगी दहा वर्षांची आहे. सुरुवात कशी करावी, आणि उशीर झालाय का?

उशीर झालेला नाही. अदितीने पाचव्या वर्षी सुरुवात केली होती, पण तो नियम मानू नये.

पहिली चूक क्लबच्या बाबतीत होते. वडिलांचे जुने क्लब कापून मुलीला दिले जातात. कापल्यावर शाफ्ट (दांडा) आणखी कडक होते, डोकं जडच राहतं, ग्रिप जाड पडते. मग तो पेलण्यासाठी मुलगी मनगटं आणि पाठ वाकडीतिकडी वापरते आणि तीच सवय लागते. उंचीप्रमाणे बनवलेले हलके पाच-सहा क्लब पुरतात: पटर (चेंडू घरंगळवत होलमध्ये घालायला), सँड वेज (जवळच्या उंच फटक्यांना), ९ आयर्न, ७ आयर्न, एक हायब्रिड आणि ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायला).

दुसरी चूक वेळेची. सगळा सराव रेंजवर (सरावाच्या मैदानावर) ड्रायव्हर मारण्यात जातो. अर्धा वेळ ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) आणि ग्रीनच्या आसपास जायला हवा, कारण १८ होलच्या फेरीतले चाळीसेक टक्के फटके पटरचेच असतात.

महाराष्ट्रात येरवड्याचं पूना क्लबचं मैदान आणि चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी ही जुनी ठिकाणं. सदस्यत्व नसेल त्यांच्यासाठी सिडकोचं खारघर व्हॅली मैदान सर्वांना खुलं आहे.

४. हँडिकॅप किती असला की प्रो व्हावं?

हँडिकॅप बघून हा निर्णय घेऊच नये. शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून तो निघतो, म्हणजे उरलेल्या १२ वाईट फेऱ्या त्यात दिसतच नाहीत. टूरवर मात्र प्रत्येक फेरी मोजली जाते. शिवाय बऱ्याच मुलींचा हँडिकॅप घरच्या मैदानावर बनलेला असतो, जिथला प्रत्येक ग्रीन पाठ असतो.

त्याऐवजी एक वही ठेवा. मागच्या वर्षभरातल्या स्पर्धांमधल्या सगळ्या फेऱ्या घ्या, सरावाच्या वगळा, आणि प्रत्येक फेरीतून त्या मैदानाचं कोर्स रेटिंग (हँडिकॅप शून्य असलेल्या खेळाडूकडून तिथे अपेक्षित फटके) वजा करा. सरासरी शून्याच्या खाली असेल, तीही अनोळखी मैदानांवर, तर विचार करायला जागा आहे. सरासरी दोन-तीन फटके वर असेल तर अजून हौशी स्पर्धा खेळाव्यात. एलपीजीएची मैदानं साधारण ६,२०० ते ६,६०० यार्डांची लावतात. मुलगी आत्ता ५,६०० यार्डांवर खेळत असेल, तर पुढे प्रत्येक होलवर हातात दोन क्लब लांबचा येणार हे धरून हिशेब करा.

५. अदिती अशोकची कारकीर्द नेमकी कोणत्या पायऱ्यांनी झाली?

जन्म २९ मार्च १९९८, बंगळुरू. सराव कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर. डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत एलईटीचं क्यू-स्कूल जिंकलं आणि १ जानेवारी २०१६ ला ती प्रो झाली. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये संयुक्त ४१ वी आली. नोव्हेंबरात गुरुग्रामला इंडियन ओपन जिंकून एलईटी विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय ठरली, लगेच कतारची स्पर्धाही जिंकली आणि वर्षातली सर्वोत्तम नवोदित म्हणून निवडली गेली. २०१६ संपताना एलपीजीएच्या क्यू-स्कूलमधून तिला पूर्ण नाही, मर्यादित कार्ड मिळालं. तेवढ्यावर तिने २०१७ मध्ये अमेरिकेत पाय रोवला आणि वर्षअखेर अबू धाबीत तिसरं एलईटी विजेतेपद घेतलं.

२०२१ मध्ये टोकियोत चौथी (प्रश्न १४). २०२३ हे तिचं भरगच्च वर्ष: केनियात नऊ फटक्यांनी विजय, लॉस एंजेलिसच्या एलपीजीए स्पर्धेत तिघींच्या प्लेऑफमध्ये (बरोबरी मोडण्यासाठीच्या जादा होलांत) हॅना ग्रीनकडून हार, हांगझोऊच्या एशियाडमध्ये रौप्य आणि स्पेनमध्ये आणखी एक विजेतेपद. एशियाडच्या तिसऱ्या फेरीत ६१ आणि चौथीत ७७, म्हणजे सात फटक्यांची आघाडी एका दिवसात गेली. तरी एशियाडच्या गोल्फमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला आहे.

तिची चेंडू मारण्याची लांबी टूरवरच्या सर्वांत कमी लांबींपैकी आहे. ती इथवर पोचली वेज आणि पटरवर. "माझी मुलगी लांब मारत नाही, तिला भवितव्य आहे का?" असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

अदितीच्या आधीही वाट होतीच. सिमी मेहरा १९९० च्या दशकातच एलपीजीएवर खेळत होती.

६. क्यू-स्कूल म्हणजे काय? एलईटीला जावं की एलपीजीएला?

क्यू-स्कूल ही कार्डासाठीची पात्रता स्पर्धा. एलपीजीएचं तीन टप्प्यांत होतं. शेवटच्या टप्प्यात वर आलेल्यांना एलपीजीएचं कार्ड, त्याखालच्यांना एप्सन टूरचं. एप्सन ही एलपीजीएची खालची पायरी असून वर्षअखेर तिथल्या गुणतक्त्यात आघाडीवर असलेल्यांना वर बढती मिळते. एलईटीचं क्यू-स्कूल पूर्वपात्रता आणि अंतिम टप्पा असं असतं.

भारतातून जाणारीला आमचा सल्ला आधी एलईटीचा. इंडियन ओपन २०१० पासून त्या टूरचा भाग आहे, त्यामुळे घरच्या मैदानावर गुण मिळवायची एक संधी हमखास असते, आणि एकाच मोसमात आफ्रिका, आखात, युरोप असे वेगवेगळे गवत आणि वारे अनुभवता येतात. अमेरिकेत टप्प्यांमधल्या आठवड्यांचा मुक्काम आणि गाडीभाडं मिळूनच खर्च दुणावतो. अमेरिकन कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा हिशेब अर्थातच उलटा.

चूक होते ती कागदपत्रांत. निकाल लागल्यावर व्हिसाला अर्ज केला तर मोसमाच्या पहिल्या दोन-तीन स्पर्धा हातच्या जातात.

७. कार्ड मिळालं, तरी काही स्पर्धांत प्रवेश मिळत नाही, असं का?

कारण कार्ड म्हणजे प्राधान्ययादीतली एक जागा. स्पर्धेत १२० जणींना प्रवेश असेल तर यादी वरून खाली वाचत १२० जागा भरतात. गेल्या वर्षीच्या विजेत्या आणि गुणतक्त्यात वर असलेल्या आधी, क्यू-स्कूलवाल्या नंतर, मर्यादित कार्डवाल्या शेवटी. मोसमात ठरावीक टप्प्यावर खालच्या गटांची त्या वर्षीच्या कामगिरीनुसार फेरमांडणी होते. म्हणून नवख्या खेळाडूसाठी पहिल्या पाच-सहा स्पर्धा पुढच्या दहांपेक्षा मोलाच्या असतात. तेव्हा गुण मिळाले तर वर्षाच्या उत्तरार्धात दारं उघडतात.

राखीव यादीत पहिल्या पाचांत नाव असेल तर स्पर्धेच्या गावी जाऊन थांबणं शहाणपणाचं. माघार सोमवारपासून गुरुवारी सकाळपर्यंत कधीही येते.

८. डब्ल्यूपीजीटीवर खेळून पोट भरतं का?

एकट्या त्या टूरवर, नाही. एका टप्प्याची एकूण बक्षीस रक्कम साधारण दहा ते पंधरा लाख रुपये असते आणि ती सगळ्या प्रोंमध्ये वाटली जाते. स्पर्धा तीन दिवसांची, ५४ होलची. पुण्यात आणि मुंबईतही टप्पे झाले आहेत. या टूरचा खरा उपयोग सतत स्पर्धेत राहण्यासाठी. हौशी मुलींनाही इथे खेळता येतं, आणि प्रोंना हरवून हौशी मुलगी जिंकल्याची उदाहरणंही आहेत.

९. कट म्हणजे काय? तो हुकला तर काहीच मिळत नाही?

चार दिवसांच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर पहिल्या ६० ते ७० जणी (आकडा टूरप्रमाणे) आणि त्या गुणसंख्येवर बरोबरीत असलेल्या सगळ्या पुढे जातात. बाकीच्या घरी. कट हुकला की बक्षीस नाही. काही मोठ्या स्पर्धा आता खर्चापोटी थोडी रक्कम देतात, पण ती धरून अंदाजपत्रक मांडू नये. ऑलिंपिकमध्ये कट नसतो, आणि बक्षीसही नसतं.

१०. बरोबरी झाली तर बक्षीस कसं वाटतात?

प्लेऑफ फक्त पहिल्या क्रमांकासाठी. बाकीच्या क्रमांकांची बक्षिसं एकत्र करून समान वाटतात. समजा तिसरं बक्षीस १,२०,००० डॉलर, चौथं ९०,००० आणि पाचवं ७५,००० आहे, आणि तिघी तिसऱ्या स्थानावर बरोबरीत आहेत. बेरीज २,८५,०००, प्रत्येकीला ९५,०००. विजेतीचा वाटा बहुतेक स्पर्धांत एकूण रकमेच्या १५ टक्के असतो, म्हणजे २० लाख डॉलरच्या स्पर्धेत तीन लाख. यूएस विमेन्स ओपन याला अपवाद आहे: २०२४ मध्ये एकूण १ कोटी २० लाख डॉलर आणि विजेतीला २४ लाख.

ऑलिंपिकचा अपवाद प्रश्न १४ मध्ये.

११. बातमीत "५०,००० डॉलर कमावले" असं येतं. त्यातले हातात किती उरतात?

बातमीतला आकडा खर्च वजा न करता दिलेला असतो. कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला) आठवड्याचं ठरलेलं मानधन, वर बक्षिसाचा हिस्सा. प्रघात असा की साध्या निकालावर पाच टक्के, पहिल्या दहांत आल्यास सात आणि जिंकल्यास दहा. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून सर्वसाधारणपणे ३० टक्के कर आधीच कापून घेतात. शिवाय विमान, मुक्काम, प्रशिक्षक, फिजिओ. कट हुकलेल्या आठवड्यांचा खर्चही याच रकमेतून निघतो.

परदेशात कापलेला कर भारतातल्या विवरणपत्रात वजावटीसाठी दाखवता येतो, पण त्यासाठी तिथलं कापणीचं प्रमाणपत्र लागतं. ते स्पर्धा संपताच मागून घ्यावं. वर्षअखेर दहा देशांच्या आयोजकांमागे लागण्यात जीव मेटाकुटीला येतो. परदेशी उत्पन्न हाताळणारा सीए पहिल्या वर्षापासून हवा.

१२. आई किंवा वडील कॅडी झाले तर चालतं का?

चालतं. रिओत अदितीचे वडील तिचे कॅडी होते, टोकियोत आई. भारताचीच दुसरी प्रो दीक्षा डागर (प्रश्न १६) हिच्या बॅगेवरही बहुतेक वेळा वडीलच असतात. खर्च वाचतो, हे उघड आहे. अडचण नियमांची असते, कारण कॅडीच्या चुकीचा दंड खेळाडूला बसतो.

सर्वांत जास्त होणारी चूक: मुलगी फटक्यासाठी उभी राहू लागली की वडील मागे, चेंडूच्या रेषेत उभे राहून "थोडं डावीकडे" म्हणतात. २०१९ पासून हे बंद आहे. दंड दोन फटके. मात्र फटका मारण्याआधी तिने मागे होऊन, कॅडी बाजूला गेल्यावर पुन्हा स्टान्स घेतला तर दंड टळतो. दुसरी चूक बॅगेत पंधरावा क्लब राहण्याची. मर्यादा १४ ची, दंड ज्या होलवर चूक झाली त्या प्रत्येकी दोन फटके, फेरीत जास्तीत जास्त चार. वॉर्मअपला घेतलेला जादा वेज बॅगेतच राहणं, हे नेहमीचं कारण. पहिल्या टीवर (सुरुवातीचा फटका मारायच्या जागी) क्लब मोजणं हे कॅडीचंच काम.

१३. हळू खेळल्याचा आणि चुकीच्या स्कोअरकार्डचा दंड किती?

हळू खेळाबद्दल एलपीजीएने मार्च २०२५ पासून नियम कडक केले. गटावर घड्याळ लावल्यानंतर ठरलेल्या वेळेपेक्षा १ ते ५ सेकंद जास्त घेतले तर रोख दंड, ६ ते १५ सेकंदांना एक फटका, १६ किंवा अधिक सेकंदांना दोन फटके. एका फटक्याने कट जातो, तेव्हा ही बाब किरकोळ समजू नये. उपाय सरावातलाच: यार्डेज (अंतर), वारा, क्लब हे सगळं आपली पाळी येण्याआधी ठरवायचं.

स्कोअरकार्डात एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहून सही केली तर स्पर्धेतून बाद. जास्त लिहिला तर तोच कायम. बेरजेची जबाबदारी आयोजकांची, होलनिहाय आकड्यांची खेळाडूची.

१४. टोकियोत अदिती नक्की किती फरकाने हुकली? प्लेऑफ का झाला नाही?

एका फटक्याने. तिच्या फेऱ्या ६७, ६६, ६८, ६८. एकूण २६९, पारपेक्षा (मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) १५ कमी. नेली कोर्डा १७ कमी, मोने इनामी आणि लिडिया को १६ कमी. ऑलिंपिकमध्ये पदकं वाटून घेता येत नाहीत म्हणून तिथे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकासाठीही प्लेऑफ होतो. तो इनामी आणि को यांच्यात झाला आणि इनामीला रौप्य मिळालं. अदिती बरोबरीत नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी प्लेऑफचा प्रश्नच आला नाही.

१५. जागतिक क्रमवारीत दोनशेवी असताना अदिती टोकियो ऑलिंपिकला पात्र कशी झाली?

ऑलिंपिकच्या ६० जागांसाठी पहिल्या १५ क्रमांकांतून एका देशाच्या जास्तीत जास्त चौघी, त्यानंतर एका देशाच्या फक्त दोघी. कोरिया, अमेरिका, जपान यांच्या पुढच्या खेळाडू वगळल्या जातात आणि यादी खूप खालपर्यंत पोचते. त्यानंतरही माघारी होतात. टोकियोत दीक्षाला अशीच ऐनवेळी जागा मिळाली. पुरुषांची पद्धत हीच, पुण्याचा उदयन माने टोकियोला याच मार्गाने गेला.

क्रमवारी १०४ आठवड्यांच्या गुणांवर निघते, ताज्या १३ आठवड्यांना पूर्ण वजन. एकूण गुणांना खेळलेल्या स्पर्धांनी भागतात, पण भाजक ३५ च्या खाली जात नाही. म्हणून दोन वर्षांत वीसच स्पर्धा खेळणारीची सरासरी खाली दिसते. पात्रतेच्या काळात विश्रांती घ्यायची की खेळायचं, हे ठरवताना हा भाजक समोर ठेवावा.

१६. दीक्षा डागरला ऐकू येत नाही, तर तिला नियमांत सवलत असते का?

नसते. ती इतरांच्याच नियमांनी खेळते. डावखुरी, हरियाणाची. २०१९ मध्ये अठराव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत आणि २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकात एलईटी विजेतेपद. डेफलिंपिकमध्ये (कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये) २०१७ ला रौप्य आणि पुढच्या वेळी सुवर्ण. ती ऑलिंपिक आणि डेफलिंपिक दोन्ही खेळलेली गोल्फर आहे.

१७. हौशी मुलीने प्रोंची स्पर्धा जिंकली तर पैसे कोणाला?

लगतच्या प्रोला. २०१२ मध्ये पंधरा वर्षांच्या लिडिया कोने कॅनेडियन ओपन जिंकली; तीन लाख डॉलर दुसऱ्या आलेल्या इनबी पार्कला मिळाले. विजेतेपद मात्र कोचंच राहिलं.

१८. अठरा वर्षांच्या आत एलपीजीएचं सदस्यत्व मिळतं का?

नियमाने नाही, विशेष विनंतीने कधीकधी. लेक्सी थॉम्पसनने २०११ मध्ये सोळाव्या वर्षी स्पर्धा जिंकल्यावर तिला परवानगी मिळाली. केवळ गुणवत्ता आहे एवढ्यावर विनंती मान्य होत नाही, निकाल दाखवावा लागतो.

१९. मूल झाल्यावर कारकीर्द संपते का?

नाही. एलपीजीएमध्ये प्रसूतीच्या काळात कार्ड राखून ठेवता येतं, मात्र रजा आधी कळवून मंजूर करून घ्यावी लागते. एलपीजीएवर १९९३ पासून स्पर्धास्थळी पाळणाघराची सोय आहे. कॅट्रिओना मॅथ्यूने २००९ ची ब्रिटिश ओपन प्रसूतीनंतर अकरा आठवड्यांनी जिंकली, पण ते सर्वसाधारण मोजमाप नव्हे. पोट, कंबर आणि ओटीपोटाच्या स्नायूंची ताकद परत येण्याआधी जोरात स्विंग केला तर पाठ दुखावते. फिजिओने होकार दिल्यावर आधी पटिंग आणि चिपिंग, मग वेज, ड्रायव्हर सर्वांत शेवटी.

२०. निवृत्ती कोणत्या वयात? हॉल ऑफ फेमचे निकष काय?

वय ठरलेलं नाही. लोरेना ओचोआ २०१० मध्ये २८ व्या वर्षी, जगात पहिली असताना थांबली. ॲनिका सोरेनस्टॅम २००८ मध्ये, ७२ एलपीजीए विजेतेपदांसह. एलपीजीएच्या हॉल ऑफ फेमला (दिग्गजांच्या सन्मानयादीला) २७ गुण लागतात: साध्या विजेतेपदाला एक, मेजरला (सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एकीला) दोन, ऑलिंपिक सुवर्णाला एक. लिडिया कोचा सत्ताविसावा गुण पॅरिस २०२४ च्या सुवर्णाचा.

२१. दोन वर्षं प्रो म्हणून खेळून जमलं नाही. पुन्हा हौशी होता येतं का?

येतं. राष्ट्रीय संघटनेकडे, म्हणजे आपल्याकडे इंडियन गोल्फ युनियनकडे, अर्ज करायचा. प्रतीक्षेचा काळ साधारण सहा महिने; खेळाडू किती वरच्या पातळीवर खेळली यावर तो वाढू शकतो. त्या काळात बक्षीस घेतलं किंवा पैसे घेऊन शिकवलं तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, त्यामुळे टूरवरचे उरलेले करार आधी संपवावेत. हौशी स्पर्धेचा अर्ज मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच भरावा.